‘रन’ची कार्डं

“ही खोकी रद्दीत घाल बाई,” आई म्हणाली. “जन्मभर शब्द साठवले नानांनी, बोलले मात्र मोजकेच.”

नानांना जाऊन महिना झाला होता. हेमांगीने वडिलांचं एक खोकं उघडलं. शाळेत इंग्रजी शिकवणारे नाना सोप्या इंग्रजी शब्दांचा एकेक अर्थ वेगळ्या कार्डावर लिहून ठेवत. त्यांचा नियम एकच होता. उदाहरण शब्दकोशातलं नको, घरात खरंच घडलेलं हवं, तेही तारखेसकट. एकट्या ‘रन’ शब्दाची त्रेचाळीस कार्डं निघाली. नळ वाहतो, नव्या साडीचा रंग जातो, आई पापडाचा गट चालवते, हेमांगीचं नाक गळतं. वाचता वाचता तिला हसू आलं.

मग साध्या धावण्याच्या अर्थाचं कार्ड हाती आलं. त्यावरची तारीख बघून ती थबकली. त्याच दिवशी नानांशी कडाक्याचं भांडून ती पुण्याच्या नोकरीवर निघाली होती. निरोप द्यायला नाना खुर्चीतून उठलेसुद्धा नव्हते. अकरा वर्षं तिने ते मनात धरलं होतं.

नानांनी इंग्रजीत लिहिलं होतं, ‘मी स्टँडपर्यंत धावलो. बस सुटली होती.’

तिने आईला मराठीत अर्थ सांगितला. आईने कार्ड हातात घेतलं आणि तारखेवर बोट ठेवलं.

“म्हणजे गुडघा तेव्हा फुटला होय,” ती म्हणाली. “मला म्हणाले, मोरीत घसरलो.”