वाऱ्याची बाजू

"मचाणाची जागा हेरायला तीन पिढ्यांचं रक्त लागतं," कोंडाजी म्हणाला आणि तिसऱ्यांदा उपटलेला खांब खांद्यावर घेऊन चालू लागला. मागून नवसाबाई दुसरा खांब ओढत येत होती. नवऱ्याच्या रक्ताबद्दल तिची काही तक्रार नव्हती. खांबाबद्दल होती.

"आता चौथ्यांदा हा माळा हलला ना," ती म्हणाली, "तर चुलीत घालीन."

येवल्याच्या उत्तरेला हरणांचं रान आहे. त्या रानाला लागून कोंडाजीची पाच एकर जमीन. त्यात दोन टेकाडं, एक खडकाळ उतार, आणि शेवटी एक खोल ओघळ. ओघळीच्या पलीकडे पुंजाचं शेत. हरणं ओघळीतून वर यायची आणि कोवळा हरभरा खायची. त्यांना मारायला कायद्याची बंदी होती. म्हणून हिवाळ्यात पहाटेपासून माळ्यावर बसायचं आणि गोफण भिरकावून त्यांना पळवून लावायचं, एवढंच शेतकऱ्याच्या हातात होतं.

गाव त्याला माळा म्हणायचं, कोंडाजी मचाण म्हणायचा. त्याचे आजोबा साहेबलोकांना शिकारीच्या जागा दाखवायचे. कोंडाजी सगळं त्यांच्यासारखंच करायचा. हरणांच्या वाटा, लेंड्या, खुरांचे ठसे पाहून ठेवायचा. चिमूटभर माती उडवून वारा बघायचा. पहाटे कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ, अंगात रोज धुतलेला मातकट सदरा. बिडी बंद, खोकला बंद. जनावर टप्प्यात येईपर्यंत पापणीसुद्धा हलवायची नाही.

आणि हरणं यायची. चारही जागी आली. अगदी मचाणाखाली येऊन निवांत चरायची. ती टप्प्यात आली की कोंडाजी गोफण सोडायचा. तोवर पाचसहा ओळी साफ झालेल्या असायच्या. संक्रांतीपर्यंत त्याचं रान न्हाव्याने हात फिरवल्यासारखं दिसू लागलं.

कोंडाजीला हरणांचा राग नव्हता. जनावरच ते. त्याला राग होता पुंजाच्या हरभऱ्याचा. तो गुडघ्याएवढा वाढला होता आणि घाट्यांनी लगडला होता. बियाणं दोघांनी विंचूरहून एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणलं होतं. पुंजाचा माळा तर बघवत नव्हता. एका बाजूला कललेला, उघड्यावर, ओघळीपासून पार लांबच्या बांधावर. त्यावर बसून पुंजा बिडी ओढायचा आणि मोठ्याने भजनं म्हणायचा, तीही बेसूर.

"त्र्यंबकेश्वरहून काहीतरी करून आणलंय त्यानं," कोंडाजी घरी म्हणाला.

"मग तुमीबी जा," नवसाबाई म्हणाली. "पण खांब न्यायचा नाय."

सोमवारी मात्र हद्द झाली. गावातल्या फकिरा नावाच्या शेतकऱ्याला माळा बांधायचा होता. जागा दाखवायला त्याने पुंजाला नेलं. कोंडाजीच्या दारावरून नेलं. जाताना रामराम घातला, आणि पुढे गेला.

त्या रात्री कोंडाजी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो ओघळ ओलांडून पुंजाच्या माळ्यापाशी गेला.

"या तात्या," पुंजा वरून म्हणाला. "चढा. डाव्या बाजूनं बसू नका, ती मोडली."

कोंडाजी उजव्या बाजूने बसला. सवयीने त्याने चिमूटभर माती उडवली. माती पुंजाच्या खांद्यावरून पुढे, हरभऱ्यावरून, थेट ओघळीकडे गेली. कोंडाजीला आयुष्यात प्रथमच पुंजाची दया आली.

"पुंजा, वारा पाठीमागनं येतोय रे. हरणांना ओघळीतच तुझा वास लागत असंल. अशा जागेवर जनावर जन्मात येणार नाय."

"नायच येत," पुंजा म्हणाला.

"मग जागा चुकली ना."

पुंजाने बिडी पेटवली. तो थोडा गोंधळला होता. तात्या जाणता माणूस, काहीतरी खोल बोलत असणार.

"पण तात्या," तो म्हणाला, "आपल्याला ती यायला कुठं पायजेत?"

ओघळीतून सात हरणं वर आली. पुंजाच्या बाजूला त्यांनी नाक केलं, फुरफुरली, आणि वळून दुसऱ्या काठाने कोंडाजीच्या शेतात शिरली. तिथून वारा कसलाच वास आणत नव्हता. चौथ्या मचाणाच्या सावलीत ती शांतपणे खाऊ लागली. आजोबा असते तर त्यांनी नातवाची पाठ थोपटली असती. साहेबांनी बक्षीस दिलं असतं.

कोंडाजीने पुन्हा चिमूट उडवली; वारा ओघळीवरून त्याच्याच शेतात जात होता. आपल्या शेताच्या ओघळीकडच्या बांधावर काहीतरी टांगलं, तर त्याचा वास सगळ्या हरभऱ्यावरून जाईल, हे त्याने हिशेबाने ताडलं. तीन पिढ्यांचं रक्त अगदीच वाया गेलेलं नव्हतं. माळा हलवायची गरज नव्हती. पण टांगणार काय? घरात जे कपडे होते ते कडुनिंबात बुचकळलेले होते.

त्याने पुंजाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. घाम, बिडी, शेळ्या, आठवडाभराचं शेतकाम. एखाद्या माणसाकडे किती वास असावा.

"पुंजाभाऊ," तो खाली बघत म्हणाला, "अंगातला सदरा दोन दिवस देतोस का? धुऊ नको. तसाच दे."