अक्रोडाखालची कबर

"पुन्हा म्हण," गुलंदाम म्हणाली.

"माझं नाव याकूब. सफी खोगीरवाल्याचा मुलगा. ही माझी आई." इस्कंदरने भिंतीला डोकं टेकलं आणि तो हसला. "दाई, किती सफाईने रचतेस ग! मला वाटायचं तुला खोटं बोलताच येत नाही."

"हसू नकोस. हात दाखव."

त्याने हात पोटावर बांधले, उजवा डाव्यावर. पाशाच्या सुन्नी घरात नमाजात असेच हात बांधत. गुलंदामने त्याची मनगटं धरून खाली ओढली.

"असे. मोकळे सोडलेले. आमच्या शिया लोकांत असेच सोडतात. विसरलास तर संपलं सगळं."

"लहानपणापासूनची सवय आहे, एका सकाळीत कशी जाणार?"

"जाईल. पुन्हा कर."

इराणच्या शहाच्या फौजेने अठरा वर्षांनी तब्रीझ तुर्कांच्या सुलतानाकडून परत घेतलं होतं. सुलतानाचा सुभेदार बहराम पाशा तटावरच लढताना पडला. सुलतानाची जी माणसं जिवंत सापडली ती सराईच्या तबेल्यात कोंडली होती. दवंडी फिरली होती: जो या शहराचा असेल, त्याला नातलगांनी ओळखून न्यावं. बाकीच्यांना माफी नाही. भाकरी देण्याच्या निमित्ताने गुलंदाम आत शिरली होती.

"आणि वरून पाशा बघत असला तर?" इस्कंदरने विचारलं. "त्याचा मुलगा खोगीरवाल्याचं नाव सांगतोय."

"पाशाला मी बघून घेईन," ती म्हणाली. "जेव."

दुपारी सराईच्या अंगणात काझी बसला. त्याला सर्दी झाली होती. हातात गरम काढ्याचा वाडगा होता आणि सकाळपासून रडणाऱ्या बायका ऐकून तो वैतागला होता.

"बाई, तू पाशाच्या घरची दाई. सगळं शहर जाणतं. आणि आता म्हणतेस, हा तुझ्या पोटचा?"

"होय, हुजूर." गुलंदामचा आवाज सपाट होता. "सुलतानाची फौज आली तेव्हा माझा नवरा बाजारात मारला गेला. पाशाची बायको बाळंतपणात गेली. मी ओली बाळंतीण, मला हवेलीत ओढून नेलं. दोन पोरं, पाळणा एक. ताप आला तेव्हा पाशा किल्ल्यावर होता. त्याचं पोर माझ्या मांडीवर गेलं. हे कळतं तर माझी मान उडाली असती, आणि माझं दूधपितं पोर भुकेनं मेलं असतं. मी दोघांची झबली बदलली."

"वा!" मागून कुणीतरी ओरडलं. "पाशाच्या मिठाला चांगलीच जागतेय ही!"

लोक हसले. गुलंदामची शेजारीण शाहबिके पुढे आली.

"हुजूर, ते मेलेलं पोर मी या हातांनी न्हाऊ घातलं. अक्रोडाखाली पुरलं. हिने तेव्हा टिपूस काढलं नाही, आजवर काढलेलं नाही. दर गुरुवारी जाते, पाहुण्याची खोली झाडावी तशी कबर झाडते आणि परत येते. पाशाच्या पोराच्या नादी लागून स्वतःचं विसरली बया. आता त्याचं नावसुद्धा देऊन टाकतेय!"

"पोर हिचंच होतं, हे तू ओळखलंस?" काझीने विचारलं.

"तान्ही पोरं सगळी सारखीच, हुजूर. पण आईला तर कळतं ना?"

काझीने नाक पुसलं. इस्कंदरकडे वळून म्हणाला, "तू काय म्हणतोस?"

"माझं नाव याकूब," इस्कंदर म्हणाला. "सफी खोगीरवाल्याचा मुलगा. ही माझी आई."

तो जराही अडखळला नाही. गुलंदामने पापण्या मिटल्या.

तेवढ्यात मशिदीतून दुपारची बांग आली. काझीने वाडगा खाली ठेवला. "बरं झालं. पोरा, ऊठ. आमच्या देखत नमाज पढ."

इस्कंदर उभा राहिला. त्याचे हात कानांपाशी गेले, खाली आले आणि बाजूला मोकळे राहिले. मग त्याच्या ओठांवर कुराणाची आयत आली, त्याचे डोळे मिटले आणि तो खरोखरच प्रार्थना करू लागला. हात आपोआप वर सरकले आणि पोटावर येऊन बसले. उजवा डाव्यावर.

अंगणात कुणी हसलं नाही.

"रक्त कुणाचं ते अल्ला जाणे," काझी हळूच म्हणाला. "माणूस कुणाचा ते दिसलं. न्या त्याला."

शिपायांनी गुलंदामला क्षणभर जवळ जाऊ दिलं. इस्कंदरचा चेहरा पांढरा पडला होता, तरी तो तिच्याकडे बघून हसला.

"रडू नकोस, दाई. चूक माझीच. माझ्यासाठी तू तुझ्या मेलेल्या लेकाचं नाव दिलंस. सख्खी आईसुद्धा एवढं करत नाही."

गुलंदामने त्याच्या अंगरख्याच्या गळ्याची गाठ नीट केली, लहानपणी करायची तशी.

संध्याकाळी प्रेत मिळालं. ते ढकलगाडीवर घालून तिने एकटीने कबरस्तानात आणलं. शाहबिकेने कुदळ दिली, पण फाटकापाशीच थांबली.

"तुझ्या पोराशेजारी परक्याला पुरतेस?" तिने विचारलं. गुलंदाम गाडी ढकलत आत गेली, तशी शाहबिके निघून गेली.

गुलंदाम अक्रोडाखाली आली. लहानशा कबरीवरची पानं तिने हाताने बाजूला केली. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती तिथे बसून रडली.

"जरा सरक, पाशाच्या लेका," ती म्हणाली. "माझा आलाय."