नेहमीइतका साठा

“बाई, राज्यात रक्ताचा साठा एका दिवसात तिप्पट कसा झाला?” संरक्षण खात्यातले राजवाडे फोनवर विचारत होते.

“साहेबांचा वाढदिवस होता ना, गावोगावी रक्तदान शिबिरं झाली,” रक्तपेढीच्या प्रमुख कुंदाताई खिस्ती म्हणाल्या. “दरवर्षीचंच आहे. यंदा दात्यांना स्टीलचा डबा होता, म्हणून गर्दी जास्त.”

“शेजारच्या देशाचं युद्धाचा अंदाज बांधणारं यंत्र आपल्या रक्तपेढ्यांचे आकडे वाचतं. एवढं रक्त युद्धासाठीच साठवतात, असं ते म्हणतंय. बाकीच्या रक्तपेढ्यांनीही वाढदिवसाचंच सांगितलं; ते त्यांना कळवून पाहिलं, पटत नाही. क्षेपणास्त्रं तयार ठेवलीत त्यांनी. तासाभरात साठा नेहमीइतका करा. सगळ्या रक्तपेढ्यांना हाच आदेश आहे.”

“म्हणजे ओतून देऊ?”

“हो.”

कुंदाताईंनी स्वतः कात्री घेतली. सहाशे पिशव्या बेसिनमध्ये रिकाम्या झाल्या, संगणकावरचा आकडा खाली आला. त्यांनी राजवाड्यांना फोन लावला.

“झालं. आता तरी पटलं का त्यांना?”



“यंत्र म्हणतंय, रक्त सीमेवर रवाना झालं.”

तेवढ्यात शहरातले भोंगे वाजले.

पहिले जखमी दुपारी आले. नेहमीइतका साठा वीस मिनिटांत संपला.