सगळ्यात मोठ्या आवाजाचं

तिसऱ्या यंत्रालाही आईने नाही म्हटलं.

लेकीने हातातल्या कागदावर तिसरी फुली मारली. फूड प्रोसेसर घ्यायचा म्हणून आठवडाभर खपून तिने तो तक्ता केला होता. मोटर किती वॅटची, भांड्यात किती मावतं, पाती किती, आवाज किती. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत तिची वीस वर्षं गेली होती. आकडे समोर असले की तिचं चित्त थाऱ्यावर असे. आज मात्र आकडे एकीकडे आणि आई भलतीकडे, असं चाललं होतं.

प्रश्न नुसता यंत्राचा नव्हता. दोन महिन्यांत आईचं बोट तीनदा कापलं होतं, तिसऱ्या वेळी तर टाके पडले. दादाने फोनवरूनच फर्मान काढलं, की घर बंद करा आणि आईला माझ्याकडे पाठवा. उंटावरून शेळ्या हाकण्यात तो लहानपणापासून पटाईत. लेकीने भांडून एका महिन्याची मुदत मिळवली. आई सुरीला हात लावणार नाही, सगळं यंत्रच चिरेल. महिनाभरात बोटाला पट्टी दिसली नाही तर ती स्वतःच्या घरात राहील. दिसली तर सामान बांधायचं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, की यंत्र मी निवडणार.

आणि निवडत होती ती अशी.

पहिलं यंत्र तक्त्यात सगळ्यात वर होतं. चालू आहे की नाही ते कळू नये इतकं शांत, बटणंसुद्धा काचेखाली. आईने काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, हे नुसतंच गुळगुळीत. दुसऱ्याला छोटा पडदा होता, त्यावर चिरण्याची चित्रं उमटत होती. तिकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. तिसरं काही बोलतच नाही, म्हणाली. जणू जावई बघायला आली होती.

मग ती कोपऱ्यातल्या जुन्या नमुन्यापाशी जाऊन उभी राहिली. जाडजूड खटका, फिरवला की टक्क वाजणारा. दुकानातल्या मुलीने गाजराचे तुकडे घालून तो फिरवला आणि पलीकडे फ्रिज बघणारी माणसं वळून पाहू लागली. आईने मान तिरकी केली, डोळे मिटले. तुकडे मोठे होते तोवर मोटर गुरगुरत होती. ते बारीक होत गेले तसा तिचा सूर चढला. आई म्हणाली, झालं, बंद कर. मुलीने झाकण काढलं. आत कीस अगदी एकसारखा होता.

आईने पुन्हा एकदा गाजर घालायला लावलं. पुन्हा तेच.

"आई, अगं शेजारीपाजारी भांडायला येतील," लेक म्हणाली.

"येऊ देत. तेवढीच सोबत."

लेकीने तक्ता पाहिला. आवाजाच्या रकान्यात हे यंत्र शेवटून पहिलं होतं. दुकानातल्या मुलीने रंग विचारला, लाल की पांढरा. आई म्हणाली, पांढरा, माझा ओटा काळा आहे. आता लेक पुरती चक्रावली. पांढऱ्यावर डाग दिसतात म्हणून या बाईने जन्मभर पांढरी उशी घरात आणली नव्हती.

दुकानातली मुलगी पांढरं आणायला मागच्या गोदामात गेली. लेकीच्या मनात तेवढ्यात एक शंका आली आणि ती घर करून बसली. आईला मुलाकडेच जायचं असेल. माझ्या तोंडावर सांगवत नसेल. म्हणून ती असं यंत्र घेते आहे, जे आठ दिवसांत माळ्यावर जाईल. शंका आली तशी ती झोंबलीही.

"तुला दादाकडे जायचंय का? तसं सांग मग."

"यंत्राचं बोल," आई म्हणाली.

नेमका तेव्हाच दादाचा फोन आला. लेक दारापाशी जाऊन बोलली. एक डबडं घ्यायला एवढा वेळ लागतो का, असं तो विचारत होता. आईला एक यंत्र धड निवडता येत नसेल तर महिनाभर तरी कशाला थांबायचं, असंही म्हणाला. संध्याकाळी सांगते, म्हणून तिने फोन ठेवला आणि परत येऊन आईच्या अगदी समोर उभी राहिली. शेजारच्या टेबलावर कुणीतरी मिक्सर चालू करून बघत होतं.

आई पुढे वाकली.

"पोरी, माझी लेक यायच्या आत एक सांग. हा खटका कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो? मला समोरचं दिसत नाही गं. कडेचं दिसतं, मधलं पुसून गेलंय. डॉक्टर म्हणाले, आता आहे तेवढंच सांभाळा. तिला बोलू नकोस हं. कळलं तर दोघं मिळून मला घराबाहेर काढतील. मायेनेच काढतील."

आई थेट तिच्या चेहऱ्याकडे पाहत होती. दोघींमध्ये हातभराचं अंतर होतं. दुकानातल्या मुलीचा गणवेश निळा होता, लेकीचा कुडताही निळा.

 लेकीने आईचं बोट हलकेच उचलून खटक्याच्या टोकावर ठेवलं, आणि आवाज होईल तितका परका करून ती म्हणाली, "डावीकडे बंद, आजी."