उलटा फेर

"पत्ते सगळे आपल्याकडेच फिरवायचे," मालन म्हणाली. "पाव फेर, मग आडवा दोरा, मग ठोक. बस, एवढाच."

राहीने मान डोलावली. ती मालनची सवत. महिन्यापूर्वी या घरात आली होती आणि अक्का, अक्का करत मालनच्याच मागेमागे फिरत होती. ताण्याच्या उभ्या दोऱ्यांचं एक टोक राहीच्या कमरेला, दुसरं ओटीच्या खांबाला. मधे जाड कागदाच्या चौकोनी पत्त्यांची चवड. प्रत्येक पत्त्याच्या चार कोपऱ्यांत भोकं, भोकांतून रंगीत दोरे. चवड फिरली की खालचे दोरे वर येत आणि विणल्या जाणाऱ्या पट्टीवर नक्षी उमटे.

ही विद्या मालनची. लहानपणी आईबरोबर ब्रह्मदेशाहून आणून ठेवलेल्या राजाच्या वाड्यावर कामाला जायची, तेव्हा तिथल्या एका दासीकडून उचललेली. नक्ष्या मात्र तिच्या स्वतःच्या. देवीच्या पालखीला दर शिमग्याला तिची नव्या नक्षीची पट्टी लागायची, म्हणून पालखी पहिली सुर्व्यांच्या, तिच्या सासरच्या दारात टेकायची. मालनला मूल झालं नव्हतं. पट्टीमुळेच ती घरात टिकली होती, हे सासू तिला विसरू देत नसे. नवरा मुंबईला गिरणीत. घरात शब्द सासूचा, येसूबाईचा. "राहीला शिकव," असं तिने सकाळी सांगितलं, तेव्हाच मालनला कळायचं ते कळलं.

म्हणून तिने अर्धंच शिकवलं. पत्ते एकाच बाजूला फिरत राहिले की खांबाकडच्या दोऱ्यांना पीळ चढतो. वेळीच उलटे फिरवून तो उतरवला नाही तर पत्ते हलेनासे होतात आणि सगळं कापून फेकावं लागतं. हे तिने गिळून टाकलं. पोरीला शिव्या बसतील. बसू देत.

मागल्या दारी बांगडे साफ करायला बसून तिने कान ओटीकडे लावले. पत्त्यांची टकटक मंदावली. थांबली. मग मुसमुसणं ऐकू आलं. मालनला बरं वाटलं, लाज न वाटता बरं वाटलं.

थोड्या वेळाने टकटक पुन्हा सुरू झाली.

ती तशीच हाताला खवले घेऊन ओटीवर धावली.

"अक्का, बघ गो!" राही डोळे पुसत हसत होती. "दोरे अडकले म्हणून पत्ते उलटे फिरवले, तर पीळ सुटला नि नक्षी पण उलटी फिरली! मग कडेचे तेवढे उलटे फिरवून बघितले."

पट्टीवर एकात एक गुंतलेली पानं उमटली होती. असली नक्षी मालनच्याही हातून कधी उतरली नव्हती.

"सांगायला पण लागला नाय हिला," मागून येसूबाई म्हणाली. तिच्या काखेत मालनची लुगडी होती, जुन्या धोतरात गुंडाळलेली. "धाकू गाडी घेवन येल आता. माहेरी जा."

"माहेरी कोण हाय माजा? घराला कुलूप हाय."

"मग कुलूप उघड."

येसूबाईने गाठोडं खाली ठेवलं. बांधायला दोरी दिसेना. तिने कोयती घेतली, राहीच्या कमरेपासून पत्त्यांपर्यंतची पट्टी कापली, गाठोड्याला आवळली आणि हिसका देऊन पाहिला.

"घट्ट विणलीन हो पोरीने," ती म्हणाली आणि धाकू गाडीवानाला हाक मारायला अंगणाच्या बेड्याकडे, फाटकाशी गेली.

राही हातातल्या सुट्या पत्त्यांकडे बघत राहिली. मग तिने हळूच विचारलं, "अक्का, नक्षी चुकली काय गो? म्हणून कापलीन?"

मालनने गाठोडं उचललं. पट्टीची गाठ तिच्या बोटांखाली आली.

"चुकली," ती म्हणाली. "परत कदी उलटे फिरवू नको."

राहीने मान डोलावली.