तिकिटाआधीचा प्रश्न

“वर्ध्याची स्वरदा डॉक्टरीण कशी हाये वो मावशी? गेलत्या का कधी?”

आर्वी-वर्धा बसची कंडक्टर जयवंता तिकिटाआधी हेच विचारायची. समोरच्या बाईने फक्त पदराने वारा घेतला होता, पण तोही भर थंडीत. जयवंताला तेवढी खूण पुरेशी होती.

जयवंता पन्नाशीला टेकली होती. पाळी चार-चार महिने दडी मारायची आणि आली की पंधरा दिवस मुक्काम ठोकायची. मधेच अंगातून वाफा निघायच्या. परवा खिडकी लावण्यावरून तिने एका सरपंचाला असं झापलं की त्याने उठून जागाच बदलली. डॉक्टर गाठायलाच हवा होता, पण तिला भीती वाटत होती. थोरल्या बहिणीने हीच तक्रार सांगितली, तर डॉक्टरने धड ऐकूनही न घेता गर्भपिशवी काढायची तारीख दिली. आपल्याला नेमकं काय झालं होतं, ते बहिणीला आजही माहीत नाही.

जयवंताला ऐकून घेणारी डॉक्टर हवी होती. स्वरदा मॅडमचं नाव तिने औषधाच्या दुकानात ऐकलं होतं, पण दुकानदाराचं काय खरं? बावीस वर्षं बसमध्ये काढलेली बाई प्रवाशांवरच विश्वास ठेवणार. घाम पुसणारी, उगाच नवऱ्यावर डाफरणारी, एकही बाई तिने सोडली नाही. सुरुवातीला सगळ्या ‘नाई’ म्हणून माना हलवायच्या. दोनेक महिन्यांत मात्र परतीच्या गाडीत बायांच्या हातात स्वरदा मॅडमच्या दवाखान्याच्या फायली दिसायला लागल्या. मग तर मंगळवारी, मॅडमच्या तपासणीच्या दिवशी, अर्धी बस त्यांच्याच पेशंटची. एवढ्या बाया चुकतील कशा? जयवंताने खुशीत रजा टाकली.

दवाखान्यातल्या बाकावर रोहण्याच्या सीताबाई बसल्या होत्या, नेहमीच्या प्रवासी. जयवंताने शेवटची खातरजमा केली.

“तुम्हाले या मॅडमचं नाव कोणी सांगतलं?”

“काऊन? तुम्हीच तं!”

शेजारच्या दोघीतिघींनीही मान डोलावली. “आम्हालेबी तुम्हीच.”

जयवंताचं अवसानच गळालं. ज्यांच्या भरवशावर ती इथवर आली, त्या सगळ्या तिच्याच भरवशावर आल्या होत्या. उठून सरळ घर गाठावं असं तिला वाटलं.

“अवो, मी कुठं सांगतलं? मलेच काही माहीत नोतं! मी तं नुसतं इचारून राह्यली होती.”

“डॉक्टरीण चांगली हाये, सगळं आयकून घेते. पण ते मले मागून कळलं,” सीताबाई सरकून तिला जागा करून देत म्हणाल्या. “तीन वर्सं अंगावर काढलं, बाई. घरच्या एकानं इचारलं नाई. तुम्ही इचारलं, म्हणून आली.”