नव्या शाळेची बस

केजीतली आमची रिद्धी शाळेच्या बसमध्ये झोपून गेली आणि ड्रायव्हरने मागे न बघताच बस लॉक केली. पाऊण तासाने सापडली, घामाने निथळत होती. त्या शाळेचं आमच्यापुरतं खलास! त्याच आठवड्यात टीसी घेतला आणि अल नहदा भागातल्या दुसऱ्या शाळेत घातलं. तरी रोज सकाळी बसमध्ये चढवताना मी बजावतेच, "झोपायचं नाही हं, बाळा."

काल आंघोळ घालताना तिच्या दंडावर चिमट्यांचे काळेनिळे डाग दिसले. माझं डोकंच फिरलं. "कोण काढतं तुला चिमटे? नाव सांग, उद्याच प्रिन्सिपलकडे जाते!"



"नोबडी, मम्मा. बसमध्ये डोळे मिटायला लागले की मीच काढते."